विश्लेषण : हीटेड ग्रिप्स ऐन थंडीत गार का पडतात? बिघाड ग्रिपमध्ये की वायरिंगमध्ये, कसे ओळखायचे?

मे महिना सरत आला की पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरहून दुचाकीस्वारांचे गट लेह-लडाख आणि स्पितीच्या वाटेला लागतात. निघण्याआधी गाडीवर फॉग लाइट, मोबाइल चार्जर, सॅडल बॅग चढवल्या जातात. या यादीत आता हीटेड ग्रिप्सही दिसतात. हीटेड ग्रिप्स म्हणजे विजेवर गरम होणाऱ्या हँडलच्या मुठी. अडचण अशी की, महाराष्ट्रात वर्षातले बरेच महिने बंद राहणारी ही यंत्रणा गरज पडते तेव्हाच दगा देते. खिंडीच्या चढावर बटण दाबले जाते, दिवा लागतो, पण मूठ गारच राहते.

गॅरेजमध्ये अशा वेळी एक उत्तर ठरलेले असते : ग्रिप गेली, नवीन जोडी टाका. चांगल्या ब्रँडच्या जोडीसाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. पण ग्रिपच्या आतला तापणारा भाग हा या सर्किटमधला सर्वांत साधा भाग आहे. त्याच्या आधी बॅटरी, फ्यूज, रिले, स्विच, कपलर, अर्थिंग आणि सतत वाकणारी वायर अशी मोठी साखळी असते. तिच्यातली एक कडी सैल झाली तरी मूठ गार पडते. ही साखळी क्रमाने तपासली तर काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने अर्ध्या-पाऊण तासात बिघाडाची जागा सापडू शकते. तो क्रम कोणता, हे समजून घेऊ.

थंड हातांनी गाडी चालवणे धोक्याचे का?

हवेचे तापमान शून्य अंश सेल्सियस असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी साधारण उणे ९ अंशांसारखी जाणवते. ५ अंश तापमानातही याच वेगाला उणे २ अंशांसारखी थंडी लागते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि खारदुंग ला ५,३०० मीटरच्या वर. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे लेहमध्ये १५ अंशांच्या सुखद हवेत निघालेला स्वार दोन तासांत ३ अंशांच्या आसपास पोहोचलेला असतो.

थंडीत शरीर बोटांचा रक्तपुरवठा कमी करून तो छाती-पोटाकडे वळवते. बोटे आधी दुखतात, नंतर बधिर होतात. उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हातात क्लच. बधिर बोटांना लिव्हर किती दाबला गेला, हे कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. म्हणजे ब्रेक दाबायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर गाडी ८ मीटर जास्त जाते. घाटातल्या वळणावर ८ मीटर म्हणजे रस्त्याची पूर्ण रुंदीच. हीटेड ग्रिप्स चैनीची वस्तू वाटत असल्या तरी त्यांचा थेट संबंध ब्रेकशी आहे तो असा.

हीटेड ग्रिप काम कशी करते?

तत्त्व घरातल्या इस्त्रीचेच. रबरी मुठीच्या आत पातळ, लवचीक फिल्मवर तापणारी तार किंवा धातूची पट्टी बसवलेली असते. तिच्यातून वीज गेली की तिच्या रोधामुळे, म्हणजे रेझिस्टन्समुळे, उष्णता तयार होते. दोन्ही ग्रिप्स मिळून ३६ वॉट घेत असतील, तर १२ व्होल्टला ३ अँपिअर करंट लागतो. म्हणजे प्रत्येक ग्रिप दीड अँपिअर घेते आणि तिचा रोध ८ ओहमच्या आसपास असतो. ब्रँडनुसार हे आकडे बदलतात, पण निरोगी ग्रिपचा रोध साधारणपणे काही ओहमच असतो, हे लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या तपासणीचा तोच पाया आहे.

गरमपणा कमी-जास्त करण्यासाठी कंट्रोलर असतो. नव्या पद्धतीचा कंट्रोलर वीजपुरवठा वेगाने चालू-बंद करतो. चालू राहण्याचा काळ जितका जास्त, तितकी मूठ गरम. अशा अनेक कंट्रोलरमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय असते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की ग्रिप्स आपोआप बंद होतात. उद्देश हा की, हात गरम करण्याच्या नादात गाडी स्टार्टच होऊ नये, अशी वेळ येऊ नये.

आणखी एक गणित महत्त्वाचे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ग्रिपपर्यंत १३.५ ऐवजी ११.५ व्होल्टच पोहोचले, तर व्होल्टेज १५ टक्क्यांनी घटते, पण उष्णता मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. ‘चालू आहे, पण कोमटच आहे’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते.

हा बिघाडच आहे का?

मल्टिमीटर हातात घेण्याआधी तीन गोष्टी पडताळाव्यात, कारण काही वेळा यंत्रणा ठणठणीत असते.

पहिली, इंजिन आणि वेळ. इंजिन बंद असताना किंवा संथ आयडलिंगवर अनेक कंट्रोलर ग्रिप्स चालू होऊ देत नाहीत किंवा थोड्या वेळाने बंद करतात. इंजिन थोड्या वरच्या आरपीएमवर ठेवून सर्वांत वरची पातळी निवडावी आणि ५ ते १० मिनिटे वाट पाहावी. जाड पॅडिंगचे ग्लोव्हज असतील तर गरमी जाणवायला आणखी वेळ लागतो. तपासणी उघड्या हाताने करावी.

दुसरी, डाव्या-उजव्यातला फरक. उजवी ग्रिप अ‍ॅक्सिलरेटरच्या प्लास्टिकच्या नळीवर बसते, तर डावी थेट धातूच्या हँडलवर. धातू उष्णता ओढून घेतो, प्लास्टिक अडवून धरते. त्यामुळे डावी मूठ उजवीपेक्षा थोडी कमी गरम लागणे स्वाभाविक आहे. काही उत्पादक दोन्ही ग्रिप्सची रचना वेगळी ठेवून हा फरक भरून काढतात. फरक थोडा असेल तर तो बिघाड नव्हे. डावी अगदीच गार असेल तर मात्र पुढे तपासावे.

तिसरी, दिव्याची उघडझाप. कंट्रोलरचा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकत असेल तर तो बहुधा कमी व्होल्टेज, तुटलेले सर्किट किंवा शॉर्टचा इशारा असतो. त्याचा अर्थ किटसोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ही पुस्तिका फेकून न देता तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवणे शहाणपणाचे. गाडीसोबत कंपनीतूनच आलेल्या ग्रिप्स बहुतेक डॅशबोर्डच्या मेन्यूतून चालतात. तिथे मेन्यूतली सेटिंग बंद झाली नाही ना, हे आधी पाहावे.

पहिला प्रश्न : दोन्ही गार की एकच?

बिघाड शोधताना सर्वांत जास्त वेळ वाचवणारा प्रश्न हाच. दोन्ही ग्रिप्स एकाच वेळी जळण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे दोन्ही एकदम बंद पडल्या तर दोष दोघींच्या सामाईक भागात शोधावा. तो भाग म्हणजे बॅटरी, फ्यूज, रिले, अर्थ आणि कंट्रोलर. एकच बंद असेल तर सामाईक भाग चालू असल्याचे दुसरी ग्रिप सिद्ध करतेच. मग दोष त्या बाजूच्या वायर, कपलर किंवा ग्रिपमध्ये असतो. दोन्ही चालू पण कोमट असतील, तर वीज पोहोचते आहे, पण वाटेत कुठे तरी गळते आहे.

या नियमाला एक अपवाद आहे. काही संचांत दोन्ही ग्रिप्स सिरीजमध्ये, म्हणजे जुन्या दिव्यांच्या माळेसारख्या, एकापुढे एक जोडलेल्या असतात. तिथे एकीची तार तुटली तरी दोन्ही बंद पडतात. आपल्या संचाची जोडणी कशी आहे, हे वायरिंगच्या आकृतीवरून कळते.

दोन्ही बंद असतील तर काय तपासावे?

सुरुवात बॅटरीपासून करावी आणि एकेक टप्पा ग्रिपच्या दिशेने जावे. इंजिन बंद असताना चांगल्या स्थितीतल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.४ ते १२.७ च्या दरम्यान दिसते. इंजिन चालू करून आरपीएम वाढवल्यावर ते साधारण १३.५ ते १४.५ वर गेले पाहिजे. ते वाढतच नसेल तर दोष ग्रिप्समध्ये नसून चार्जिंगमध्ये आहे. मग रेग्युलेटर किंवा अल्टरनेटरची तपासणी करावी लागेल. हा दोष लेहला जाण्याआधी सापडणे हीही कमाईच.

त्यानंतर फ्यूज. बाहेरून बसवलेल्या किटचा फ्यूज बॅटरीजवळच्या वायरवर असतो. तो काढून आतली तार तुटली आहे का, हे पाहावे. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बीप येतो का, तेही बघावे. फ्यूजच्या घरात हिरवा-पांढरा थर जमला असेल तर फ्यूज चांगला असूनही वीज पुढे जात नाही.

तिसरा टप्पा रिलेचा. नीट बसवलेल्या किटमध्ये चावी फिरवली की रिले ‘टिक’ असा आवाज करतो आणि बॅटरीची वीज ग्रिप्सकडे सोडतो. आवाज आलाच नाही तर रिलेला इशारा देणारी वायर तपासावी. ही वायर अनेकदा टेललाइट किंवा पार्किंग लाइटच्या वायरला जोडलेली असते आणि सर्व्हिसिंगच्या वेळी ओढली जाऊन निसटते. आवाज येऊनही वीज पुढे जात नसेल तर रिलेच बदलून पाहावा. तो स्वस्त असतो आणि सहज मिळतो.

चौथा टप्पा अर्थिंगचा. निगेटिव्ह वायर फ्रेमच्या रंगावरच बोल्टने आवळलेली असेल तर संपर्क कच्चा राहतो. वर्षभरात तिथे गंज चढतो. ती काढून, जागा घासून, पुन्हा आवळावी. शक्य असेल तर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर घ्यावी.

एवढे सगळे ठीक असेल आणि कंट्रोलरपर्यंत वीज पोहोचूनही पुढे जात नसेल, तर कंट्रोलर संशयित ठरतो. कोकणातली दमट, खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा यामुळे त्याच्या बटणांतून पाणी आत जाते.

एकच ग्रिप बंद असेल तर?

बंद पडलेल्या ग्रिपचा कपलर सोडवावा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांना भिडवावे. स्वस्त मीटर तेव्हाही शून्याऐवजी थोडा रोध दाखवतो. तो पुढच्या मापातून वजा करायचा. मग ग्रिपकडून आलेल्या दोन पिनांमध्ये माप घ्यावे. चालू असलेल्या ग्रिपचेही घ्यावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

दोन्ही आकडे जवळपास सारखे, काही ओहम असे आले, तर तापणारी तार शाबूत आहे. दोष कपलर किंवा त्याच्या आधीच्या वायरमध्ये आहे. मीटरवर ‘ओएल’ किंवा ‘१’ असे दिसले तर सर्किट कुठे तरी तुटले आहे. आकडा शून्याच्या जवळ आला तर आत शॉर्ट आहे. अशी ग्रिप जोडून पाहू नये.

आता सर्वांत उपयोगी चाचणी. मीटर लावलेला ठेवून दुसऱ्या व्यक्तीला अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू पिळायला आणि हँडल डावी-उजवीकडे वळवायला सांगावे. यावेळी इंजिन बंद हवे. आकडा मध्येच उडत असेल, कधी ८ ओहम तर कधी ‘ओएल’ येत असेल, तर वायर आतून तुटली आहे आणि टोके अधूनमधूनच भिडत आहेत. ‘हँडल सरळ असले की चालते, वळवले की बंद’ ही तक्रार इथे पकडली जाते.

उजवी ग्रिप या बाबतीत जास्त नाजूक. ती अ‍ॅक्सिलरेटरबरोबर दिवसातून शेकडो वेळा फिरते आणि प्रत्येक वेळी तिची वायर वाकते. वायरला पुरेशी ढील दिलेली नसेल तर ग्रिपमधून बाहेर पडण्याच्या जागी तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. बाहेरचे आवरण मात्र धड दिसते. दुसरे कारण सैल ग्रिप. बसवताना ती सहज सरकावी म्हणून तेल किंवा साबणाचे पाणी लावले, तर गोंद नीट धरत नाही. मग ग्रिप नळीवर गोल फिरते आणि वायर पिळली जाते. सैल ग्रिप हातात निसटण्याचा धोका वेगळाच.

दोन्ही कपलर एकसारखे असतील तर अदलाबदलीची चाचणीही करता येते. बंद ग्रिप चालू बाजूच्या कपलरला जोडून पाहावी. ती गरम झाली तर ग्रिप निर्दोष आहे.

दोन्ही कोमटच राहत असतील तर?

इथे ‘व्होल्टेज ड्रॉप’ तपासावा लागतो आणि तो ग्रिप्स चालू असतानाच. करंट वाहत नसताना कच्चा जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्यामुळे कपलर सोडवून घेतलेले माप दिशाभूल करते. इंजिन चालू, ग्रिप्स सर्वांत वरच्या पातळीवर, कपलर जोडलेला. आता मल्टिमीटरच्या टोकदार पिना कपलरच्या मागच्या बाजूने आत सरकवून ग्रिपच्या दोन वायरींमधले व्होल्टेज मोजावे. लगेच बॅटरीवरचे मोजावे. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असेल तर वाटेत कुठे तरी गळती आहे.

दोन सूचना आवश्यक. मधल्या पातळीवर कंट्रोलर वीज सतत चालू-बंद करत असल्याने मीटरचा आकडा विश्वासार्ह नसतो. म्हणून माप वरच्या पातळीवरच घ्यावे. दुसरे म्हणजे, काही कंट्रोलर पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह बाजू तोडतात. अशा वेळी मीटरचे एक टोक फ्रेमला लावले तर चुकीचा निष्कर्ष निघतो. माप दोन वायरींमध्येच घ्यावे.

गळतीची जागा शोधायला हाताचीही मदत होते. २ व्होल्ट वाटेत गळत असतील आणि करंट ३ अँपिअरच्या आसपास असेल, तर ५-६ वॉट उष्णता मुठीऐवजी एखाद्या कपलरमध्ये तयार होते. तो कपलर गरम लागतो. प्लास्टिक तपकिरी पडते किंवा वितळू लागते. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना स्वच्छ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले की अनेकदा प्रश्न सुटतो. पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळले असेल तर कपलर बदलावाच.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर?

फ्यूज ग्रिपला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवतो. ५ अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला म्हणून २० चा टाकणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे म्हणजे आगीला निमंत्रण. शॉर्ट झाल्यावर मोठा फ्यूज उडत नाही, बारीक वायर मात्र निखाऱ्यासारखी लाल होते. ती वायर बहुतेक गाड्यांत पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

फ्यूज उडतो तेव्हा वायर कुठे चेमटली आहे, ते शोधावे. नेहमीच्या जागा चार : टाकी आणि फ्रेमच्या मध्ये, हँडल वळल्यावर जिथे फ्रेमला अडते तिथे, स्विचच्या डब्याच्या कडेला आणि हँडलच्या टोकाशी बार-एंडच्या स्क्रूपाशी. नंतर हँडगार्ड बसवताना स्क्रू जास्त आत गेला तर ग्रिपची फिल्म फाटते.

ग्रिप्स गरम व्हायच्या थांबतच नसतील तर?

कोणतीही पातळी निवडली तरी मूठ पूर्ण ताकदीने तापत असेल, तर कंट्रोलरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच चिकटला आहे. अशा वेळी कपलर सोडवून ठेवावा. ग्लोव्हजमधल्या बधिर हाताला चटका लगेच जाणवत नाही.

चावी काढल्यावरही ग्रिप्स चालू राहत असतील, तर त्या रिलेविना थेट बॅटरीला जोडल्या आहेत आणि कंट्रोलरमधली बॅटरी वाचवण्याची सोय काम करत नाही किंवा नाहीच. ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ३ अँपिअरचा भार पडला तर ती जेमतेम अडीच तासांत रिकामी होते. रात्रभर गाडी बाहेर उभी राहिली तर सकाळी स्टार्ट होणार नाही. थंडीत बॅटरीची ताकद तशीही घटलेली असते.

दोष गाडीच्या क्षमतेतच असेल तर?

कधी सगळे जोड नीट असतात, तरी चढावर किंवा वाहतूक कोंडीत ग्रिप्स बंद पडतात. कारण असते विजेचा ताळेबंद. समजा, गाडीच्या अल्टरनेटरची कमाल क्षमता २०० वॉटच्या आसपास आहे. हॅलोजन हेडलाइट ५५ ते ६० वॉट घेतो. फ्युएल पंप, ईसीयू, इग्निशन आणि टेललाइटचा खर्च वेगळा. त्यावर दोन फॉग लाइटचे ४० वॉट, ग्रिप्सचे ३६ आणि चार्जरचे १५-२० वॉट. शिवाय २०० वॉटचा आकडा वरच्या आरपीएमवरचा असतो. आयडलिंगवर तो निम्म्याखालीही येतो. जमेपेक्षा खर्च वाढला की तूट बॅटरी भरून काढते. व्होल्टेज घसरते आणि कंट्रोलर ग्रिप्स बंद करतो.

पडताळणी सोपी आहे. ग्रिप्स बंद पडतात त्या क्षणी फॉग लाइट बंद करून आरपीएम वाढवावा. ग्रिप्स पुन्हा चालू झाल्या तर दोष वायरिंगचा नाही. दिवसा फॉग लाइट बंद ठेवणे किंवा सगळे दिवे एलईडी करणे हा उपाय. चार्जरमधला व्होल्टमीटरही चालेल, पण हँडलवर व्होल्टेज दिसत राहणे अशा गाड्यांना उपयोगाचे ठरते.

दुरुस्ती करावी की नवीन घ्यावी?

वायर ग्रिपच्या बाहेर, दिसेल अशा जागी तुटली असेल तर दुरुस्ती होते. मात्र सोल्डर केलेला भाग कडक होतो आणि त्याच्या शेजारी वायर पुन्हा तुटते. म्हणून जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी आणि वाकण्याची जागा जोडापासून दूर ठेवावी. नुसती इन्सुलेशन टेप पहिल्याच पावसात सुटते. तार रबराच्या आत तुटली असेल किंवा आत शॉर्ट असेल तर ग्रिप बदलणे हाच पर्याय. घेताना एकच ग्रिप सुटी मिळते का, हे विचारावे. डाव्या आणि उजव्या ग्रिपचा आतला व्यास वेगळा असतो, हेही लक्षात ठेवावे.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू नये. कपलर-टू-कपलर जोडणीचे किट घ्यावे. कंपनीतून आलेल्या ग्रिप्सचा दोष सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर कोडच्या रूपात दिसू शकतो. त्यात बाहेर छेडछाड केली तर गाडीच्या इतर इलेक्ट्रॉनिक्सवर परिणाम होण्याचा धोका असतो.

काम कोणीही केले तरी गाडी ताब्यात घेताना एक चाचणी टाळू नये. अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडला की तो आपोआप मागे आला पाहिजे, हँडल सरळ असताना आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही. मग इंजिन आयडलिंगवर ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. आरपीएम वाढला तर वायर किंवा केबल कुठे तरी ओढली जात आहे. वायरीत अडकलेला अ‍ॅक्सिलरेटर गार मुठीपेक्षा कितीतरी जास्त घातक.

वाटेतच बंद पडल्या तर?

सोबत त्याच क्षमतेचे दोन-तीन फ्यूज, एक सुटा रिले, थोडी वायर आणि छोटा मल्टिमीटर असावा. सामान टाकीवरच्या बॅगेत मावते. सुरक्षित जागी थांबून आधी फ्यूज, मग कपलर, मग अर्थ असा क्रम ठेवावा. १५-२० मिनिटांत दोष सापडला नाही तर कपलर सोडवून, टोके टेपने झाकून ठेवावीत आणि ग्रिप्स नाहीत असे समजून पुढचे ठरवावे.

वाऱ्यापासून आडोसा हा तेव्हाचा खरा उपाय. हँडगार्ड असतील तर मोठा फरक पडतो. ग्लोव्हजच्या आत पातळ लायनर आणि त्यावर डिस्पोजेबल प्लास्टिकचे हातमोजे घातले तरी वारा आणि ओल अडते. ओले ग्लोव्हज मात्र तसेच चढवू नयेत. वेग कमी ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने थांबून हात काखेत धरून गरम करावेत. बधिर हात सायलेन्सरजवळ धरू नयेत, भाजल्याचे कळत नाही. बोटांची टोके पांढरी पडून संवेदना गेली असेल तर ती चोळू नयेत. जवळच्या तंबूत, ढाब्यावर किंवा लष्कराच्या वैद्यकीय मदत केंद्रावर जाऊन उबेत बसावे.

खिंड अजून पुढे असेल, दिवस कलला असेल आणि बोटांना ब्रेकचा लिव्हर नीट जाणवत नसेल, तर मुक्काम करून सकाळी उन्हात निघणे हाच निर्णय योग्य. आणि घरून निघण्याआधी, दोन-तीन आठवडे हाताशी असतानाच, एका सकाळी ग्रिप्स दहा मिनिटे चालू करून पाहाव्यात. बिघाड पुण्यात सापडला तर सुटा भाग मागवता येतो. सरचूत सापडला तर गार मुठी धरूनच पुढे जावे लागते.